अटकळीचे वाङ्मय आणि शोधाचे वाचन

मलेशिया एअरलाइन्सचे एमएच ३७० हे विमान ८ मार्च २०१४ च्या पहाटे नाहीसे झाले. त्याविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, त्यातला फार थोडा भाग विमानाविषयी आहे. बाकीचा सगळा अटकळींचा आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी यात पडण्याचे कारण काय, असे कुणी विचारील. कारण असे, की या अटकळींची पाठराखण करणारा सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद आपल्याच अंगणातून निघालेला आहे. परिसंवादांत, प्रबंधांच्या प्रस्तावनांत, वर्गातल्या चर्चांत तो निरनिराळ्या शब्दांत ऐकू येतो. त्याचे सार असे : नाहीशा झालेल्या विमानाभोवती रचल्या गेलेल्या कथा हे आपल्या काळाचे लोकवाङ्मय आहे, अधिकृत वृत्तान्त हेही अखेर एक कथनच असते, संहिता अपुरी असेल तर ती वाचकाने पुरी करायची असते, आणि एका वाचनाला दुसऱ्याहून वरचे स्थान देणे ही सत्तेची भाषा झाली.

हा युक्तिवाद मला अमान्य आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही वर्गात याच्या जवळपास जाणारे बोलत असे. तेव्हा हा लेख काही अंशी स्वतःशीच घातलेला वाद आहे. माझे म्हणणे असे, की अटकळ ही कल्पनाशक्तीची बहीण नाही, तिची तोतया आहे. आणि या प्रकरणात खऱ्या अर्थाने कुणी वाचन केले असेल, तर ते उपग्रहाच्या नोंदी तपासणाऱ्यांनी आणि समुद्राचा तळ धुंडाळणाऱ्यांनी केले. आपण साहित्याची माणसे मात्र पहिल्या गटाची वकिली करीत राहिलो.

आधी जे ठाऊक आहे ते थोडक्यात मांडतो. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या या बोइंग ७७७ विमानात २२७ प्रवासी आणि १२ कर्मचारी होते. प्रवाशांत दीडशेहून अधिक चिनी होते. पाच भारतीय होते, आणि त्या पाचांत महाराष्ट्रातली माणसेही होती. स्थानिक वेळेनुसार मध्यरात्री १२ वाजून ४२ मिनिटांनी विमान उडाले. १ वाजून १९ मिनिटांनी वैमानिकांचे नियंत्रणकक्षाशी शेवटचे बोलणे झाले. त्यानंतर दोनच मिनिटांत, मलेशियाच्या नियंत्रणाखालचे आकाश संपून व्हिएतनामचे सुरू होते त्या सुमारास, विमानाची ओळख सांगणाऱ्या ट्रान्सपाँडरचे संकेत थांबले आणि नागरी रडारच्या पडद्यावरून ते दिसेनासे झाले. लष्करी रडारवर मात्र ते मागे वळून, द्वीपकल्प ओलांडून, मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून वायव्येकडे जाताना २ वाजून २२ मिनिटांपर्यंत दिसत होते. पुढे उरले ते इन्मारसॅट या कंपनीच्या उपग्रहाशी आपोआप होणारे संकेत. त्यांतले शेवटचे सकाळी ८ वाजून १९ मिनिटांचे. २९ जुलै २०१५ रोजी हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर विमानाच्या पंखाचा एक भाग वाहून आला. नंतर मोझांबिक, टांझानिया, मादागास्कर, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका येथे आणखी तुकडे मिळाले. त्यांतले काही याच विमानाचे हे निश्चित झाले, काही बहुधा त्याचेच असावेत असे ठरले. २०१८ पर्यंतच्या दोन मोठ्या शोधमोहिमांत मुख्य अवशेष सापडले नाहीत. ३० जुलै २०१८ रोजी जाहीर झालेल्या मलेशियाच्या अहवालाने स्पष्ट शब्दांत सांगितले, की विमान नाहीसे होण्याचे कारण निश्चित करता येत नाही.

एवढीच संहिता आहे. आता तिचे वाचन कसे झाले ते पाहू, आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण घेऊ : एका वाक्याचे.

विमान नाहीसे झाल्यानंतर काही दिवसांतच मलेशियाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले, की वैमानिककक्षातून आलेले शेवटचे शब्द ‘ऑल राइट, गुड नाइट’ असे होते. या चार शब्दांवर जगभर भाष्ये लिहिली गेली. ‘ऑल राइट’ मधला बेफिकीर सूर काहींना जाणवला. हवाई संभाषणाच्या ठरलेल्या शिस्तीत न बसणारी ती सलगी काहींना अर्थपूर्ण वाटली. ‘गुड नाइट’ मध्ये काहींना जगाचा निरोप ऐकू आला. १६ मार्चला आणखी भर पडली : विमानाच्या यंत्रणांची माहिती आपोआप जमिनीवर पाठवणारी ‘एकार्स’ ही व्यवस्था या शब्दांच्या आधीच बंद केली गेली होती, असे जाहीर झाले. मग काय विचारता! जो माणूस आतून व्यवस्था बंद करून बाहेर ‘सगळे ठीक’ म्हणतो त्याच्या मनात काय असणार, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ पुढे सरसावले.

दुसऱ्याच दिवशी विमान कंपनीने खुलासा केला, की ‘एकार्स’चा शेवटचा संदेश १ वाजून ७ मिनिटांचा होता आणि पुढचा १ वाजून ३७ मिनिटांना अपेक्षित होता. ती व्यवस्था या अर्ध्या तासात केव्हाही बंद पडलेली असू शकते. शेवटच्या बोलण्याआधीच, असे म्हणायला आधार नाही. आणि ३१ मार्चला सरकारने आणखी एक दुरुस्ती केली. शेवटचे शब्द ‘ऑल राइट, गुड नाइट’ असे नव्हतेच. ते होते ‘गुड नाइट, मलेशियन थ्री सेव्हन झीरो’. एक क्षेत्र सोडून दुसऱ्या क्षेत्राकडे जाताना कोणताही वैमानिक म्हणतो तसे, विमानाचा क्रमांक उच्चारून केलेले, साधे, नित्याचे बोलणे.

म्हणजे तीन आठवडे जग ज्या वाक्याचा अर्थ लावत होते ते वाक्य कुणी उच्चारलेच नव्हते. ज्या क्रमामुळे त्याला भीषण अर्थ आला तो क्रमही सिद्ध नव्हता. आता आपल्या विद्यार्थ्यांना विचारावे : भ्रष्ट पाठावर उभी केलेली समीक्षा मूळ पाठ हाती आल्यावर काय करते? प्रामाणिक असेल तर मागे घेतली जाते. येथे एकही भाष्य मागे घेतले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ‘ऑल राइट’ गेले, पण त्यातून काढलेला अर्थ तसाच राहिला. संहिता बदलली तरी वाचन बदलत नसेल, तर ते त्या संहितेचे वाचन कधीच नव्हते. वाचकाने घरून आणलेला माल त्या वाक्यावर ठेवून विकला होता, इतकेच.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे नव्याने सांगायला नको. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोपर्यंत पाठभेदांनी आणि पदरच्या ओव्यांनी ती गढूळ झाली होती. एकनाथ स्वतः मोठे कवी. ज्ञानेश्वरीत चार ओव्या घालण्याची ताकद त्यांच्याइतकी कुणाची होती? पण त्यांनी घातल्या नाहीत, आणि पुढच्यांनीही घालू नयेत असे बजावून ठेवले. जिथे आपली ओवी घालायची तिथे भागवत लिहावे, भावार्थरामायण लिहावे, त्याखाली आपले नाव घालावे. दुसऱ्याच्या संहितेत ती खपवू नये. कल्पनाशक्ती आणि पाठनिष्ठा या दोन्ही गोष्टी एकाच माणसात पूर्ण बळाने नांदू शकतात याचा यापेक्षा मोठा दाखला आपल्या परंपरेत मला दिसत नाही.

अटकळ आणि कल्पना यांतला फरकही येथेच हाती लागतो. कादंबरीकार नाहीशा झालेल्या विमानावर कादंबरी लिहू शकतो, आणि माझी त्याला हरकत नाही. ‘हे मी रचले आहे’ असे तो पहिल्याच पानावर कबूल करतो आणि मग त्या रचलेल्या जगाची सगळी जबाबदारी उचलतो : पात्रांचे हेतू त्याला जुळवावे लागतात, काळाचा मेळ घालावा लागतो, फसले तर कादंबरी फसते. अटकळबाजाला यातले काहीच करावे लागत नाही. तो रचतो, पण रचल्याचे कबूल करीत नाही. आणि चुकला तर ‘मी फक्त प्रश्न विचारत होतो’ म्हणून निसटतो. वस्तुस्थितीचा मान त्याला हवा असतो आणि ललित लेखनाची मोकळीकही हवी असते. किंमत मात्र दोहोंपैकी एकाचीही तो मोजत नाही.

आपली भाषा या बाबतीत फार नेमकी आहे. ‘असेल’, ‘असावे’, ‘असणार’ आणि ‘आहे’ या चार रूपांत मराठीने खात्रीच्या चार पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. शिवाय ऐकीव गोष्टीला लावायला ‘म्हणे’ हा एक अत्यंत सभ्य शब्द दिला आहे. कोणत्याही अटकळीचा प्रवास पाहावा. ती ‘असेल’ म्हणून जन्माला येते, दुसऱ्याच्या तोंडी ‘असणार’ होते, तिसऱ्याकडे ‘आहे’ होऊन पोचते, आणि वाटेत कुठेतरी ‘म्हणे’ गळून पडते. विमान हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया या लष्करी तळावर उतरवले. विमान कझाकस्तानात नेले. विमान पाडले आणि ते लपवले. या प्रत्येक कथेत एकही नवा पुरावा मध्ये आलेला नाही. क्रियापद तेवढे बदलत गेले आहे. उलट त्या तपासाचे अहवाल वाचून पाहावेत. ते शेकडो पानांत हट्टाने ‘असावे’वर उभे राहतात. वाचकाला ते रुक्ष वाटतात हे खरे. पण त्या रुक्षतेत भाषेचा जो सन्मान आहे तो मला पुष्कळ ललित गद्यात सापडत नाही.

२०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर या विमानावर तीन भागांची माहितीपट-मालिका आली. एका भागात वैमानिकाने केले, दुसऱ्यात रशियनांनी पळवले, तिसऱ्यात अमेरिकनांनी पाडले. तीन भाग, तीन उपपत्ती, तिघींना सारखाच वेळ, सारखेच गंभीर संगीत. ‘सर्व वाचने समान’ या आपल्या तत्त्वाचे यापेक्षा आज्ञाधारक उपयोजन दुसरे कोणते? रेयुनियाँला सापडलेला पंखाचा तुकडा पहिल्या उपपत्तीत बसतो आणि दुसरीला सरळ छेद देतो. पण समान मानायचेच ठरले, की पुराव्याचे वजन करणे हा पक्षपात ठरतो. मार्च २०१४ मध्ये क्वालालंपूरच्या विमानतळावर नारळ आणि बांबूची दुर्बीण घेऊन एक मांत्रिक आला, तेव्हा सगळे जग हसले. त्याच महिन्यात एका अमेरिकी वृत्तवाहिनीच्या स्टुडिओत तज्ज्ञांच्या मंडळापुढे कृष्णविवराचा प्रश्न ठेवला गेला, आणि त्या बैठकीला विश्लेषण असे नाव होते. त्या मांत्रिकाने निदान आपण मांत्रिक असल्याचे लपवले नव्हते.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. ‘सरकार खोटे बोलते, लपवते; मग लोकांनी अटकळ करायची नाही तर काय करायचे?’ हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही, कारण या प्रकरणात तो बऱ्याच अंशी खरा आहे. लष्करी रडारवर विमान पश्चिमेकडे गेल्याच्या खुणा असतानाही पूर्वेला, दक्षिण चीन समुद्रात आणि थायलंडच्या आखातात, शोध चालूच राहिला. तो पूर्ण थांबला १५ मार्चला. त्याच दिवशी पंतप्रधान नजीब रझाक यांनी जाहीर केले, की विमान आणखी सात तास संकेत देत होते आणि ते एकतर मध्य आशियाकडे जाणाऱ्या उत्तरेच्या पट्ट्यात किंवा हिंदी महासागराकडे जाणाऱ्या दक्षिणेच्या पट्ट्यात असावे. भारतीय नौदल आणि तटरक्षक दल अंदमानच्या समुद्रात शोध घेत होते तेही याच गोंधळाच्या काळात. २४ मार्चला, विमान दक्षिण हिंदी महासागरात संपले असे सांगताना, काही नातेवाइकांना ती बातमी मोबाइलवर इंग्रजी लघुसंदेशाने मिळाली. ज्या व्यवस्थेने माणसांना असे वागवले, तिच्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

ठेवू नये. पण अविश्वास ही वाचनाची सुरुवात आहे. तिला निष्कर्ष समजण्यात घोटाळा आहे. सरकार खोटे बोलले यावरून ‘सरकारच्या म्हणण्याला आणखी पुरावा हवा’ एवढेच निघते. ‘म्हणून माझे म्हणणे खरे’ हे त्यातून निघत नाही. आणि अविश्वासाचे सोने कसे करता येते याचे उदाहरणही याच प्रकरणात आहे. कोणत्याही सरकारशी संबंध नसलेल्या काही अभियंत्यांनी आणि गणितज्ञांनी एकत्र येऊन उपग्रहाच्या नोंदी उघड करण्याची मागणी लावून धरली. त्या मिळाल्यावर स्वतःची गणिते केली, ती प्रसिद्ध केली, एकमेकांच्या चुका काढल्या, आकडे बदलले. एका अमेरिकी वकिलाने स्वतःच्या खर्चाने किनारे पालथे घालून २०१६ मध्ये मोझांबिकला विमानाचा तुकडा शोधला. हेही सामान्य नागरिकच होते, त्यांनाही अधिकृत वृत्तान्त पुरेसा वाटत नव्हता. पण ते चूक ठरण्याचा धोका पत्करून बोलत होते. शंका घेणारा आणि वावड्या उठवणारा यांच्यातली रेघ येथे आहे : आपण कशामुळे चूक ठरू हे पहिला आधीच सांगून ठेवतो.

दुसरीकडे, एप्रिल २०१४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या एका खासगी कंपनीने, बांगलादेशच्या दक्षिणेला बंगालच्या उपसागरात विमानाचे अवशेष दिसल्याचा दावा केला. कोणत्या पद्धतीने दिसले, हे तज्ज्ञांना पटेल असे सांगितले गेले नाही. बांगलादेशाने जहाजे पाठवली. काहीही मिळाले नाही. अटकळ फुकट असते असे म्हणतात, ते फक्त ती करणाऱ्यापुरते.

आता शोधाकडे येतो, कारण या प्रकरणातले खरे वाचन तिथे झाले असे मी म्हटले आहे.

इन्मारसॅटच्या नोंदी विमान कुठे आहे हे सांगण्यासाठी ठेवलेल्याच नव्हत्या. उपग्रह दर तासाला साधारण ‘आहेस का?’ असे विचारी आणि विमानातले यंत्र ‘आहे’ म्हणे. या प्रश्नोत्तरात मजकूर काहीच नव्हता. पण उत्तर यायला किती वेळ लागला याची नोंद राहिली होती. त्या वेळेवरून विमान उपग्रहापासून किती अंतरावर होते हे काढता येते. आणि ठरावीक अंतरावरच्या सगळ्या जागा जोडल्या की पृथ्वीवर एक वर्तुळ मिळते. संकेताच्या वारंवारतेत पडलेला सूक्ष्म फरक दुसऱ्या विमानांच्या नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा विमान उत्तरेला न जाता दक्षिणेला गेले हे ठरले. अशा रीतीने ८ वाजून १९ मिनिटांच्या शेवटच्या संकेताने समुद्रावर एक कमान आखून दिली. विमान त्या कमानीजवळ कुठेतरी संपले. कुठे, ते तिच्यावरून कळत नाही.

मला या वाचनाचे मोठेपण दोन गोष्टींत दिसते. ज्या संहितेला आपण काही सांगतो आहोत याची जाणीवही नव्हती, तिच्याकडून या माणसांनी तिला जेवढे सांगता येत होते तेवढे वदवून घेतले. आणि तेवढ्यावरच ते थांबले. कमान मिळाली तेव्हा तिचा बिंदू केला नाही. बिंदू हवा होता. सगळे जग तो मागत होते. बिंदू सांगणारे शेकडो लोक बाहेर उभे होते. तरीही त्यांनी कमानच सांगितली.

मग त्या कमानीवर शोध सुरू झाला. ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखाली १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ तपासला गेला. हजारो मीटर खोल, काळोखा, आधी कुणी नीट मोजलेलाही नसलेला तो तळ. १७ जानेवारी २०१७ रोजी ती मोहीम थांबवण्यात आली. २०१८ मध्ये ओशन इन्फिनिटी या खासगी कंपनीने, सापडले तरच मोबदला या अटीवर, आणखी १,१२,००० चौरस किलोमीटरहून अधिक तळ पाहिला. विमान मिळाले नाही. २०२५ मध्ये मलेशियाने त्याच कंपनीशी त्याच प्रकारच्या अटीवर १५,००० चौरस किलोमीटरच्या नव्या क्षेत्रासाठी पुन्हा करार केला.

अटकळबाज येथे खदखदून हसतो : इतका शोध घेतला आणि हाती आले काय? शून्य. आपल्याकडच्या मीमांसकांना त्याचे हे हसणे अडाणीपणाचे वाटले असते. कुमारिल भट्टांच्या परंपरेने ‘अनुपलब्धी’ हे स्वतंत्र प्रमाण मानले आहे : जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान घडा न दिसण्यातून होते. पण त्यांनी लगेच अट घातली. घडा तिथे असता तर दिसला असता अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही यावरून घडा नाही असे म्हणता येत नाही. न दिसणे हे ज्ञान व्हायचे असेल तर पाहणारा डोळा आणि उजेड दोन्ही पुरेसे असावे लागतात. तिला ते ‘योग्य’ अनुपलब्धी म्हणतात.

हिंदी महासागराच्या तळाशी झालेले काम म्हणजे अशी योग्य अनुपलब्धी निर्माण करण्याचे काम होते. तो उजेड पुरेसा होता का? याचे एक विलक्षण उत्तर त्या शोधातच मिळाले. त्या मोहिमेला एकोणिसाव्या शतकात बुडालेली, कोळसा वाहणारी दोन मालवाहू जहाजे तळाशी सापडली. कुणी त्यांच्या शोधात नव्हते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बुडालेले जहाज ज्या डोळ्याला दिसते, त्याला विमानाचा ढिगारा बहुधा दिसला असता. म्हणून ‘येथे नाही’ हे त्यांचे उत्तर रिकामे ठरत नाही. कष्टाने मिळवलेले ते ज्ञान आहे. त्या नकाराच्या आधारानेच २०१६ च्या अखेरीस तज्ज्ञांनी सांगितले, की विमान आता शोधलेल्या भागाच्या उत्तरेकडील सुमारे २५,००० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात असण्याची शक्यता अधिक आहे. नकाराने जागा अरुंद केली. एकाही अटकळीने एक चौरस किलोमीटरदेखील कमी केलेला नाही.

राहता राहिला प्रश्न, यात बिघडते कुणाचे. ‘लेखकाचा मृत्यू’ हे एक रूपक आहे आणि वर्गात ते उपयोगी पडते. २३९ माणसे नाहीशी होणे हे रूपक नाही. पहिल्या आठवड्यात, चोरलेल्या पारपत्रांवर प्रवास करणारे दोन इराणी तरुण दहशतवादी म्हणून जगापुढे आले. ते युरोपात आश्रय शोधायला निघाले होते असे पुढे स्पष्ट झाले. मुख्य वैमानिकाच्या बाबतीत गोष्ट अधिक अवघड आहे, आणि ती मला टाळायची नाही. त्याच्या घरच्या सिम्युलेटरवर दक्षिण हिंदी महासागराकडे जाणाऱ्या मार्गाच्या खुणा सापडल्या. ही नोंद गंभीर आहे आणि तपासाच्या अहवालांनी ती दडवलेली नाही. विमान मागे वळले ते बहुधा हाताने वळवले गेले, हेही अहवाल मान्य करतो. पण कुणी वळवले हे सांगता येत नाही, तिसऱ्या कुणाचा हस्तक्षेप नाकारता येत नाही, आणि वैमानिकाच्या वर्तनात बदलाच्या खुणा आढळल्या नाहीत, हेदेखील तोच अहवाल सांगतो. या दोन्ही बाजू हातात धरून थांबणे कठीण आहे. परंतु वाचकाचे शिक्षण म्हणतात ते दुसरे काय असते?

हे दूरच्या देशाचे दुखणे समजू नये. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले. महिन्याभराने आलेल्या प्राथमिक अहवालात वैमानिकांच्या संभाषणाचा एक अंश होता, तोही मूळ शब्दांत नव्हे, सारांशाने : एकाने विचारले की इंधन का बंद केलेस, दुसरा म्हणाला मी केले नाही. कोण बोलले, याची नोंद त्यात नव्हती. दोनच वाक्ये, वक्ता अज्ञात, सूर अज्ञात. काही दिवसांत लोकांनी दोन्ही वाक्यांपुढे नावे घालून टाकली आणि निकाल दिला. नाटकाच्या संहितेत असे करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण नापास केले असते.

आपल्या इतिहासाने या प्रवृत्तीची फळे फार पूर्वी चाखली आहेत. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयी संशय राहिला. पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. ती त्यांची वेदना होती, आणि तिच्यापुढे आपण मान खाली घालावी. पण त्याच संशयाच्या रिकाम्या जागेत एक तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसे गेली, कोकणातले किल्ले गेले, आणि १७७६ मध्ये बंड मोडून त्याला देहदंड होईपर्यंत राज्य हैराण झाले. घरातल्या माणसाने वाट पाहणे ही एक गोष्ट, आणि त्या वाट पाहण्यावर दुसऱ्याने सोंग उभारणे ही दुसरी. आपला ‘लोकवाङ्मया’चा युक्तिवाद या दोहोंना एकाच पिशवीत घालतो, हा माझा त्याच्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे.

नाहीशा झालेल्या माणसाला मृत मानण्यासाठी आपल्या कायद्याने सात वर्षांची मुदत घातली आहे. धर्मशास्त्राच्या रूढीने बारा वर्षे वाट पाहायला सांगून, मग पळसाच्या किंवा दर्भाच्या प्रतिकृतीला अग्नी देण्याची सोय करून ठेवली आहे. देह नसला तरी दुःखाला एक शेवट असावा, एवढी दया त्या रूढीत आहे. अटकळीला असली कोणतीही मुदत ठाऊक नसते. ‘ते जिवंत आहेत, अमुक तळावर आहेत’ असे कुणी पडद्यावरून सांगितले, की त्या घरातली मोजणी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरू होते. सांगणारा तोवर पुढच्या विषयाकडे गेलेला असतो.

तेव्हा विद्यार्थ्यांपुढे ही विमानाची गोष्ट ठेवायची झाली, तर मी आता ‘तुम्ही ती कशी पुरी कराल?’ असे विचारणार नाही. उपग्रहाची कमान त्यांच्यापुढे ठेवीन, ‘ऑल राइट, गुड नाइट’ आणि त्याची दुरुस्ती ठेवीन, आणि विचारीन : या संहितेवरून काय म्हणता येते, आणि काय म्हणता येत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याहून लांब निघाले तर घाबरू नका, असेही सांगीन. वाचनाचा अधिकार आपण पुष्कळ शिकवला. वाचन कुठे थांबते हे शिकवायचे राहून गेले, आणि ते आपलेच काम होते.